‘स्वीकार’ नक्की कुणाचा? बीडचा ड्रायव्हर, त्याचा मोबाईल आणि आपली प्रश्नावली

पेटचा निकाल लागला की मला एका ठरावीक साच्याचे मेसेज यायला लागतात. "दादा, विषय शोधतोय. वाहनचालक आणि मोबाईल ॲप असं काहीतरी घेऊ का? प्रश्नावली भरून घ्यायला सोपं जाईल." मागच्या महिन्यात असा तिसरा मेसेज आला, तेव्हा ठरवलं की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहून टाकावं. कारण ही ‘सोपं जाईल’वाली चूक मी स्वतः करून बसलोय.

माझा मूळ विषय मराठवाड्यातल्या रस्ता-वाहतुकीचा इतिहास. पण सुरुवातीच्या काळात कुणीतरी सांगितलं की थोडं ‘मॉडेल’ असलं की आरआरसीत प्रश्न कमी येतात. म्हणून मी तंत्रज्ञान-स्वीकाराची एक तयार प्रश्नावली मराठीत उतरवली आणि बीडच्या बसस्थानकाबाहेर काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरांकडे गेलो. विधान असं : ‘मोबाईलवरील वाहतूक सेवेमुळे माझे काम लवकर होते.’ समोर सात चौकटी, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. पहिल्या ड्रायव्हरने कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आरटीओकडून आलाव का?" नाही म्हटल्यावर त्याने सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ला खूण करून कागद परत दिला. त्याच्या शेजारच्याने एकच प्रश्न केला, आणि त्या प्रश्नाने माझं पुढचं वर्षभराचं काम बदललं : "लवकर पोचून काय करू? नंबर तर नंबरानंच लागतो ना."

हा प्रश्न समजून घ्यायचा तर दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक आपल्या प्रश्नावलीचा आणि दुसरा बीडच्या रस्त्याचा.

आधी प्रश्नावलीचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी नेटच्या अभ्यासात फ्रेड डेव्हिसचं नाव पाठ केलेलं असतं. १९८६ साली एमआयटीत त्याने प्रबंध दिला, १९८९ साली त्याचा गाजलेला लेख आला. एखादी गोष्ट ‘उपयोगी वाटते’ का आणि ‘वापरायला सोपी वाटते’ का, या दोन गोष्टींवर माणूस ती स्वीकारतो की नाही हे ठरतं, हा त्याचा गाभा. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण त्या लेखात प्रश्न कुणाला विचारले होते, हे किती जणांनी बघितलंय? एकूण १५२ माणसं. त्यातली ११२ जण आयबीएमच्या टोरांटोच्या प्रयोगशाळेत काम करणारी. त्यांना ई-मेल आणि फाईल संपादनाच्या प्रणालीबद्दल विचारलं. उरलेली ४० जण बोस्टन विद्यापीठातली, संध्याकाळच्या वर्गाला येणारी एमबीएची विद्यार्थी मंडळी. त्यांना आलेख काढायच्या प्रणालींबद्दल विचारलं. म्हणजे पगारी, टेबलाशी बसून काम करणारी किंवा तसं काम करायच्या तयारीतली माणसं. ‘उपयोगी’ म्हणजे काय, हे सांगताना डेव्हिस सरळ म्हणतो की संस्थेत चांगलं काम केलं की पगारवाढ, बढती, बोनस मिळतो आणि म्हणून काम सुधारणारी गोष्ट माणसाला उपयोगी वाटते. त्याच्या जागी ते बरोबरच आहे.

आता हे वाक्य उचलून बीडच्या स्टँडवर आणा. काळी-पिवळीच्या ड्रायव्हरला बढती नाही. गाडी नंबराला लागते, भरली की सुटते. वीस मिनिटं आधी पोचला तर परतीच्या रांगेत वीस मिनिटं जास्त बसतो. ‘काम लवकर होते’ या विधानाला त्याच्या धंद्यात अर्थच नाही. म्हणून त्याने उलट मला विचारलं. माझ्या हातातला कागद १९८९ सालच्या टोरांटोतून आलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

हे फक्त डेव्हिसबद्दल नाही. ‘स्वीकार’ हा शब्दच आपल्याकडे एका लांबच्या शेतातून आलाय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोघांनी संकरित मक्याचा अभ्यास केला, तो १९४३ साली छापून आला. २५९ शेतकरी, १९२८ ते १९४१ या काळात त्यातले दोन सोडून बाकी सगळ्यांनी संकरित बियाणं घेतलं. एव्हरेट रॉजर्सने १९६२ साली नवतेच्या प्रसाराबद्दल जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पायाशी हा अभ्यास आहे. कोण आधी घेतो, कोण नंतर, आणि शेवटी मागे राहणारे कोण, ही सगळी वर्गवारी तिथून पुढे आली. नंतर रॉजर्सने स्वतःच कबूल केलं की अशा संशोधनात एक झुकाव असतो : नवी गोष्ट चांगलीच आहे आणि ती सगळ्यांनी घ्यायलाच हवी, असं धरूनच आपण सुरुवात करतो.

आपल्या मराठवाड्याला हा झुकाव पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली आलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘हायब्रीड’ हा शब्द ते कोणत्या सुरात उच्चारतात. पीक जास्त आलं हे सगळे मान्य करतात. पण भाकरीला चव नाही, हेही लगेच सांगतात. त्यांनी हायब्रीड पेरलं म्हणजे ‘स्वीकारलं’ का? रानात स्वीकारलं, ताटात कुरकुरत घेतलं. तुमच्या सात चौकटींत ही कुरकुर कुठं बसवणार?

बरं, आता रस्त्याकडे येऊ.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेचाच एक विभाग म्हणून सरकारी मोटारसेवा सुरू केली. २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी. मुंबई राज्याची पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ला, म्हणजे त्यानंतर १६ वर्षांनी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘मागास भाग, तंत्रज्ञान उशिरा पोचलं’ हे वाक्य सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात टाकायची आपल्याला सवय असते. गोष्ट इतकी सरळ नाही. परळीला रेल्वे जुनीच. जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, प्रवासी रेल्वे आली ती मात्र १७ सप्टेंबर २०२५ला. मधल्या सगळ्या दशकांत बीड शहराचा जगाशी संबंध म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे ड्रायव्हर.

रस्तेही कसे झाले बघा. १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली. रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी पाझर तलाव खणले, त्यांनीच गावोगावचे रस्ते अंथरले. त्या रस्त्यांवर पुढे जीप आली. एसटी गावात दिवसातून एकदा-दोनदा यायची. मधला सगळा वेळ कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी भरून काढला. आत किती आणि टपावर किती, याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकलेला.

या काळात रस्त्याची खबर ड्रायव्हरला कशी मिळायची? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि मोबाईलवरच्या अभ्यासांत तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. जणू मोबाईलच्या आधी ड्रायव्हर आंधळेपणाने गाडी हाकत होता. तसं कधीच नव्हतं. समोरून येणारी गाडी डिपर मारायची : पुढे चेकिंग आहे. ढाब्यावर गाडीचं तोंड ज्या दिशेला, त्यावरून कोण कुठून आलं ते कळायचं आणि मग चहाबरोबर चौकशी व्हायची. धारूरच्या घाटात गाडी अडकली असेल तर खाली उतरणारा पहिला ड्रायव्हर ती बातमी घेऊन यायचा. बिंदुसरेला पाणी आलं की ते स्टँडवरच्या नंबर पुकारणाऱ्याला आधी कळायचं. पंक्चरवाला, मिस्त्री, हॉटेलवाला ही या जाळ्यातली ठाणी. वाहतूक-माहितीची ही एक चालती सेवा होती. फुकट नव्हती, तुम्ही खबर दिली तर तुम्हाला खबर मिळायची.

१९८०च्या दशकाच्या शेवटापासून या जाळ्याला पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ जोडला गेला. ट्रक ड्रायव्हर मुक्कामाच्या गावी पोचला की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन लावायचा. मीटरवरचे आकडे पळायचे म्हणून बोलणं तुटक : पोचलो, माल उतरला, उद्या निघतो. लक्षात घ्या, फोन आला तेव्हा त्यावरून पहिली गोष्ट गेली ती ड्रायव्हरची खबर मालकाकडे. रस्त्याची खबर ड्रायव्हरकडे नाही.

ही दिशा मोबाईलमध्येही टिकून राहिली, असं माझं म्हणणं आहे. आणि या लेखात मला खरं सांगायचंय ते एवढंच. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ला झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. ती वर्षं आपल्या ड्रायव्हरच्या कामाची नव्हती, कारण आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडायचे. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि चित्र पालटलं. आता ड्रायव्हरच्या खिशात फोन ठेवणं परवडू लागलं. पण नीट बघा, परवडू लागलं ते कुणाला? इनकमिंग फुकट म्हणजे बोलायचा खर्च फोन करणाऱ्यावर, आणि फोन करणारा बहुतेक वेळा मालक. "कुठं आलास?" हा बहुधा या धंद्यात मोबाईलवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असेल. ड्रायव्हरकडून मालकाला जायचा तो मिस कॉल. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. हे संकेत प्रत्येक गाडीचे वेगळे. कुठल्या कंपनीने ते बनवले नव्हते, कुठल्या प्रश्नावलीत ते आले नाहीत.

ड्रायव्हर मंडळींनी आपसात मात्र हाच फोन जुन्या जाळ्यात घातला. डिपरचं काम फोन करू लागला. पुढे चेकिंग असेल तर मागच्याला मिस कॉल. म्हणजे एकाच यंत्रात दोन उलट्या वाटा चालू झाल्या : एक ड्रायव्हरवर नजर ठेवणारी आणि एक ड्रायव्हरला नजरेपासून वाचवणारी. तुम्ही ‘मोबाईलचा स्वीकार’ मोजायला गेलात तर दोन्हींची बेरीज एकाच चौकटीत पडते.

मग आला नकाशा. इथं तारखा जरा बघण्यासारख्या आहेत. गुगलने २००८ साली भारतात मॅप मेकर आणलं, म्हणजे लोकांनीच आपापल्या भागातले रस्ते, ठिकाणं भरायची. २०१३ साली त्यांनी त्याची स्पर्धा घेतली तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली आणि पुढच्या वर्षी प्रकरण सीबीआयच्या चौकशीपर्यंत गेलं. नकाशा काढायचा अधिकार कुणाचा, हा वाद आपल्याकडे २०२१ सालच्या फेब्रुवारीत नवी मोकळी नियमावली येईपर्यंत चालूच होता. मध्ये २०१२ साली फोनवर वाहतुकीची ताजी स्थिती दिसू लागली ती सहा शहरांत : मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद. २०१७च्या डिसेंबरात दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायची सोय भारतातच पहिल्यांदा आली. जुलै २०२२मध्ये रस्त्याची छायाचित्रं दाखवणारी सेवा दहा शहरांत सुरू झाली, त्यात आपल्या शेजारचं अहमदनगर होतं. बीड नव्हतं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, स्मार्टफोन ड्रायव्हरच्या हाती आला आणि नकाशाही बीडला पोचला. पण लाल-हिरव्या रेघा कशा बनतात, हे संशोधकाला माहीत हवं. रस्त्यावरच्या फोनांच्या हालचालींवरून त्या बनतात. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलावंताने हातगाडीत ९९ फोन भरून ती रिकाम्या रस्त्यांवरून ओढली आणि नकाशावर वाहतूक कोंडी उभी करून दाखवली. आपल्याकडे याच्या उलट विचार करा. फोन जास्त असले तर नसलेली कोंडी दिसते. फोन कमी असले तर असलेली कोंडी दिसणार कशी? रात्री दहा वाजता केज-धारूर भागात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बिनदिव्याचा उभा असला आणि मागे-पुढे दोनच गाड्या असल्या, तर नकाशाला तिथं सांगण्यासारखं काही नसतं. त्या जागी ड्रायव्हरला जीव वाचवणारी माहिती हवी असते आणि ती देण्याइतके फोनच त्या रस्त्यावर नसतात.

शिवाय शहरातल्या ड्रायव्हरचा प्रश्न असतो की कोंडी कुठं आहे. बीडच्या ड्रायव्हरचे प्रश्न वेगळे : पुलावरून पाणी जातंय का, चेकिंग कुठं आहे, कारखान्यावर गाड्यांची रांग किती, परतीला सवारी आहे का. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा माझ्या फोनवर कुठला पूल पाण्याखाली गेला याचे व्हिडिओ येत होते, ते सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ओळखीच्या माणसांनी काढलेले. ते पाठवणाऱ्याचं नाव माहीत असतं, म्हणून त्यावर विश्वास बसतो. ढाब्याचंच पुढचं रूप हे. ‘मोबाईल वाहतूक सेवा’ म्हटल्यावर तुमच्या व्याख्येत हा ग्रुप बसतो का, ते आधी ठरवा. बसत नसेल तर तुम्ही बीडमध्ये अभ्यास करून ‘स्वीकार अल्प’ असा निष्कर्ष काढाल, आणि तो आकड्यांनी बरोबर आणि अर्थाने साफ चुकीचा असेल.

आतापर्यंतच्या गोष्टी निदान घ्यायच्या की नाही हे ठरवण्यासारख्या तरी होत्या. २०१९नंतर जे आलं ते तसं नाही. दिल्लीत २०१२ साली बसमध्ये जे घडलं त्यानंतर प्रवासी वाहनांत गाडीची जागा सांगणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण बसवायचा नियम झाला. १ जानेवारी २०१९पासून नव्या सार्वजनिक वाहनांना तो लागू झाला. त्याच सुमारास ई-चलान राज्यभर पसरलं. १ सप्टेंबर २०१९पासून सुधारित मोटार वाहन कायद्याने गाडी चालवताना हातात फोन धरणं धोकादायक वाहन चालवण्यात घातलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात नियमांत सवलत आली की फक्त मार्ग बघण्यासाठी फोन चालेल. (ड्रायव्हर नकाशा बघतोय की मिस कॉल, हे लांबून कॅमेऱ्याला कसं कळणार, हा प्रश्न मी नाही, ड्रायव्हरच विचारतात.) आणि १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. सोलापूर-धुळे महामार्गावर गेवराई तालुक्यात पाडळसिंगीचा नाका आहे. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने फास्टॅग लावला, नाहीतर तेव्हा दुप्पट पैसे पडायचे.

हा स्वीकार आहे का? काचेवर स्टिकर आहे, वापर जवळजवळ शंभर टक्के आहे, पण ‘इच्छा’ कुठं आहे? २००३ साली व्यंकटेश, मॉरिस आणि दोघे डेव्हिस यांनी जे एकत्रित मॉडेल मांडलं, त्यात वापर ऐच्छिक आहे की नाही, हा घटक ठेवलेला आहे. मी वाचलेल्या प्रबंधांत तो सगळ्यात आधी गाळला जातो, कारण त्याने गणित अवघड होतं. इतिहासाच्या बाजूने बघितलं तर गाळायला नको ती हीच गोष्ट.

आता त्या वाटांच्या दिशेकडे परत येऊ. टोल कापल्याचा मेसेज कुणाला येतो? फास्टॅगला जो नंबर जोडलाय त्याला. चलानचा मेसेज कुणाला जातो? गाडीच्या नोंदणीला जो नंबर आहे त्याला. दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा मालकाचा नंबर. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्या हातात मेसेज नाही. त्याला चलान कळतं ते महिन्याच्या हिशोबाला, जेव्हा मालक फोन समोर धरून म्हणतो, "हे तुझ्या वेळचं." वेळ, जागा, फोटो सगळं त्यात असतं. ड्रायव्हरला त्यावर काही म्हणायचं असेल तर ते मालकापुढेच. सरकारदरबारी तक्रार नोंदवायची सोय ऑनलाइन आहे, पण त्यासाठी तारीख उलटायच्या आत मेसेज तर दिसायला हवा ना!

म्हणून मी म्हणतो, विषय घ्या, पण ‘वाहनचालक’ हा एक माणूस आहे असं धरू नका. उसाच्या वाहतुकीत तर ही माळ आणखी लांब. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाचा. मजुरांना उचल दिलेली मुकादमाने. ड्रायव्हर मालकाने ठेवलेला. टोळीतली एक जोडी म्हणजे एक कोयता, तीही ट्रॉलीतून त्याच ड्रायव्हरच्या भरवशावर सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जाते. या माळेत फोन प्रत्येकाकडे आहे. पण ‘गाडी कुठं आहे’ हे विचारायचा हक्क सगळ्यांना सारखा नाही. मुकादम मालकाला विचारतो, मालक ड्रायव्हरला विचारतो. ड्रायव्हरने कारखान्याला ‘रांग किती आहे’ असं विचारलं तर त्याला उत्तर कोण देतं? माझ्या मते तुमचा खरा संशोधन-प्रश्न इथं आहे.

काही जण म्हणतील की याला पुरावा कुठला, हे तर सगळं तोंडी. तोंडी आहेच, पण फक्त तोंडी नाही. मी जिथं जिथं काहीतरी हाती लागलं ती ठिकाणं सांगतो. जिल्ह्याचं गॅझेटियर आधी वाचा. त्यात दळणवळणाचं प्रकरण आहे, रस्त्यांची यादी आहे. इंग्रजीत शोधताना ‘बीड’ऐवजी ‘भीर’ असं जुनं स्पेलिंग टाका, नाहीतर ग्रंथालयाची यादी काहीच दाखवत नाही. मी यात दोन दिवस घालवलेत. ‘झुंजार नेता’सारख्या स्थानिक दैनिकांच्या जुन्या फायली बघा. नवी सेवा सुरू झाल्याच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या पेपरात सापडतात. ती बंद पडल्याची, रस्ता रोकोची, चेकिंगची बातमी सापडते ती स्थानिक पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची. आरटीओची नोंदणी एमएच-२३ बीडची आणि एमएच-४४ अंबाजोगाईची वेगळी आहे, हे विसरून आकडे एकत्र करू नका. आणि जुने फोन मागून बघा. ड्रायव्हरच्या घरी फळीवर पडलेल्या बटणांच्या फोनमध्ये नंबर कोणत्या नावांनी साठवलेत, एवढं जरी लिहून घेतलं तरी एक जाळं डोळ्यांसमोर येतं. अर्थात परवानगी घेऊन, आणि नावं गाळून. ज्या माणसावर आधीच तीन ठिकाणांहून नजर आहे, त्याच्यावर चौथी आपली नको.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र मला अगदी योगायोगाने मिळाला. एका गाडीमालकाने जुन्या हिशोबाच्या वह्या दाखवल्या, वर्षवार, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. आधीच्या वह्यांत खर्चाच्या बाजूला डिझेल, भत्ता, हवा-पंक्चर, आणि ‘इतर’. या ‘इतर’मध्ये रस्त्यावर कुणाला काय द्यावं लागलं ते सगळं. मग कधीतरी ‘फोन’ येतो, ड्रायव्हरच्या रिचार्जचा, मालकाने भरलेला. पुढे काही वर्षांनी त्याच अक्षरात ‘टॅग’ येतो. आणि शेवटच्या दोन वह्यांत ‘चलान’, पण तो खर्चाच्या बाजूला नाही. तो ड्रायव्हरच्या उचलीच्या पानावर आहे, त्याच्या नावे.

तर तुमच्या सिनॉप्सिसबद्दल. प्रश्नावली टाकून द्या असं मी म्हणत नाही. माझीही अजून आहे, फक्त आता त्यातलं पहिलं विधान ‘मेसेज कुणाच्या फोनवर येतो?’ असं आहे आणि त्याच्यापुढे चौकटी नाहीत, मोकळी जागा आहे. तीच प्रश्नावली मालकाकडूनही भरून घेतो, वेगळ्या दिवशी, ड्रायव्हर समोर नसताना. दोघांच्या उत्तरांत जिथं फरक पडतो ती पानं बाजूला काढून ठेवतो.

आणि हो, ड्रायव्हरांना गाठायचं असेल तर वेळ बघून जा. दसरा झाला की ट्रॅक्टर-ट्रक निघायला लागतात आणि दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात. त्यानंतर गेलात तर स्टँडवरचे काळी-पिवळीवाले भेटतील, उसाच्या गाड्यांवरचे भेटणार नाहीत. ते थेट पाडव्याच्या सुमारास परत येतात. मी या वेळी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात धारूरला जाणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर कळवा, जीपने जाऊ.